शेअर एकही नाही, तरी तिमाही निकाल तोंडपाठ

पत्र: गेली सहा वर्षं मी डंजन्स अँड ड्रॅगन्सचं, म्हणजे डीअँडडीचं, एक कॅम्पेन चालवतो. फासे टाकत, एकेक पात्र वठवत खेळायची ही लांबलचक गोष्ट. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, आणि पाच खेळाडू. त्यांतला एक आता न्यू जर्सीत आहे, एक बंगळुरूला, बाकीचे पुण्यातच. म्हणून शनिवारी रात्री ऑनलाइन बसतो. पात्रं आठव्या लेव्हलला आली आहेत. अलीकडे मात्र पहिला पाऊण तास या खेळाच्या मालक कंपनीवर, हास्ब्रोवरच जातो. कुणाला काढलं, सबस्क्रिप्शनचं काय होणार, पुढचं पुस्तक कोण लिहिणार. मीही रात्री एक-दोनपर्यंत हेच वाचत बसतो. परवा बायकोनं विचारलं, "तुझे शेअर आहेत का रे त्या कंपनीत?" एकही नाही. गटातला एक जण म्हणतो, २०२३ मध्ये त्यांनी जे केलं त्यानंतर एक रुपया द्यायचा नाही, सगळे पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाकडे जाऊ. दुसऱ्यानं २०२४ ची नव्या नियमांची पुस्तकं घेऊनही टाकली आणि आपलं पात्र त्याच नियमांनी चालवायचं म्हणतोय. गेल्या तीन महिन्यांत खेळ झाला चार वेळा. मला हे एवढं का लागतं? आणि आता करू काय? — डीएम, कोथरूड

उत्तर: वहिनींचा प्रश्न रास्त आहे. पण शेअर असते तर तुम्हाला एवढा त्रास झालाच नसता. शेअर सोमवारी विकता येतो. सहा वर्षांचं कॅम्पेन, पाच माणसांच्या अंगवळणी पाडलेले नियम, डीअँडडी बियाँड या कंपनीच्या ॲपवर विकत घेतलेला मजकूर, वहीत रचलेली गावं आणि त्या गावांतले लबाड सरदार, यांतलं काहीच विकून मोकळं होता येत नाही. तुमची अवस्था पागडीच्या खोलीतल्या भाडेकरूसारखी आहे. रक्कम आधीच मोजलेली, फरशी-रंग स्वतःच्या खर्चानं केलेला, निम्मं आयुष्य तिथं गेलेलं. पण इमारत मालकाची. अशा चाळीत मालकाचा मुलगा कुठल्या बिल्डरबरोबर चहा प्याला हे तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनाही ठाऊक असतं, आणि आजींना कुणी वेडं म्हणत नाही.

कॅरम खेळणाऱ्याला असली काळजी कधी पडत नाही. बोर्ड बनवणारा एक कारखाना बंद पडला तर दुसऱ्याचा बोर्ड येतो. राणी घेतली की कव्हर घालायचंच, हा नियम कुणाच्या मालकीचा नाही. कायद्यानं पाहिलं तर डीअँडडीचंही बरंचसं असंच आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात खेळाची पद्धत कुणाची नसते. वीस बाजूंचा फासा टाका, बोनस मिळवा, ठरलेला आकडा गाठा, हे कुणीही वापरावं. पण ती पद्धत सांगणारे शब्द, कित्येक राक्षसांची नावं, चित्रं, ब्रँड आणि आता ॲप, हे सगळं कंपनीचं. शिवाय या खेळाची खरी किंमत पुस्तकात नाही, ते पुस्तक सगळ्यांनी वाचलेलं असण्यात आहे. बंगळुरूचा नवा खेळाडू आला तर त्याला आर्मर क्लास म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पुण्यातल्या एका टेबलाला स्वतःचे नियम रचता येतील. जगभर बोलली जाणारी भाषा रचता येणार नाही. ती भाषा ज्याच्या हातात आहे, त्याच्याकडे लक्ष जाणारच.

त्यात दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि या छंदाचं तोंड एकदा नाही, चारदा पोळलंय.

१९७४ मध्ये हा खेळ आणणारी टीएसआर ही विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावची खासगी कंपनी. तिची पुस्तकं रँडम हाउसमार्फत दुकानांत जात. माल पोचला की टीएसआरला उचल मिळे, आणि न खपलेला माल परत आला की ती फेडावी लागे. पैशांची चणचण असली की आणखी छापा, आणखी पाठवा, हा मोह या व्यवस्थेतच होता. त्यात डार्क सन, प्लेनस्केप, रेव्हनलॉफ्ट, बर्थराइट अशी वेगवेगळी जगं एकाच वेळी बाजारात. एकाचा चाहता दुसऱ्याचं पुस्तक घेईना. ड्रॅगन डाइस नावाच्या फाशांच्या खेळाचा मालही पडून राहिला. १९९६ च्या शेवटी परतीचे ढीग आले, बिलं थकली, छापखान्यानं हात वर केले. १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या दुसऱ्या खेळ-कंपनीनं सगळं विकत घेतलं; १९९९ मध्ये विझार्ड्सच हास्ब्रोच्या पोटात गेली. टीएसआर खासगी होती, त्यामुळे बहुतेक खेळणाऱ्यांना हे कळलं ते पुस्तकं यायची थांबल्यावरच.

दुसरा चटका २००३ चा. २००० मध्ये तिसरी आवृत्ती आणि तिच्याबरोबर ओपन गेम लायसन्स, म्हणजे ओजीएल, आलं: नियमांचा गाभा कुणीही वापरा, त्यावर आपली पुस्तकं छापा आणि विका. शेकडो छोटे प्रकाशक उभे राहिले. तीनच वर्षांत ३.५ आवृत्ती आली आणि त्यांचा जुना साठा दुकानांत पडून राहिला. तिसरा २००८ चा: चौथ्या आवृत्तीबरोबर नवा, आवळलेला परवाना. पायझो कंपनीनं तो न घेता जुन्या ओजीएलच्याच जोरावर २००९ मध्ये पाथफाइंडर काढलं. तुमचा मित्र जिथं जाऊ म्हणतोय, ते घरच मुळी एका व्यावसायिक निर्णयावर रुसून बांधलेलं आहे.

चौथा २०२३ चा, आणि तुमच्या जागरणाचं मूळ तिथं आहे. ५ जानेवारीला ओजीएल १.१ चा मसुदा फुटून बातमीत आला. त्यात जुना परवाना यापुढे अधिकृत राहणार नाही अशी भाषा होती, ५० हजार डॉलरच्या वर कमाई असेल तर कंपनीला कळवा, साडेसात लाख डॉलरच्या वरच्या कमाईवर २० ते २५ टक्के द्या, आणि तुम्ही लिहिलेलं वापरायचा कायमचा हक्क कंपनीला. टक्केवारी नफ्यावर नव्हती, उत्पन्नावर होती. छपाई आणि पाठवणी जाऊन हातात थोडंच उरणाऱ्या प्रकाशकाला ती पेलणं कठीण. लोकांनी सबस्क्रिप्शन रद्द करायला सुरुवात केली. १२ तारखेला पायझोनं ऑर्क नावाचा स्वतंत्र परवाना जाहीर केला. पुढच्या आठवड्यात कंपनीनं सुधारित मसुद्यावर मतं मागवली. १५ हजारांहून जास्त उत्तरं आली, त्यांतल्या ८८ टक्के लोकांना त्या परवान्याखाली काही छापायचं नव्हतं. २७ जानेवारीला जुनं ओजीएल जसंच्या तसं ठेवलं गेलं आणि एसआरडी ५.१, म्हणजे पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा मोकळा संच, क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे सगळ्यांना खुल्या परवान्याखाली, गेला. तिथून तो परत घेता येत नाही.

बावीस दिवस. एवढ्यात एका बलाढ्य कंपनीनं माघार घेतली. अमेरिकेतला तो शुक्रवार होता, आपल्याकडे रात्र. जागं राहून वाचणाऱ्याला त्या रात्री जागरणाचं बक्षीस मिळालं. आमच्या मते नेमकं हेच अंगात भिनलं. लक्ष ठेवलं म्हणून जिंकलो, तेव्हा आता लक्ष काढलं तर हरू, असा हिशेब मनात बसला. लॉटरी एकदा लागलेल्या माणसाची तिकिटं सुटत नाहीत तसं.

आणखी एक कारण आहे, थोडं गमतीचं. लढाईत शत्रूला धरून ठेवण्याच्या नियमावर दोन तास वाद घालू शकणारी माणसं या छंदात येतात. त्यांना परवान्याचा मसुदा म्हणजे आणखी एक रूलबुकच वाटतं. कलम, उपकलम, अपवाद, पळवाट. त्यात हास्ब्रो शेअर बाजारातली कंपनी, म्हणजे दर तीन महिन्यांनी ताजा मजकूर फुकट. खेळ नसलेल्या शनिवारी हा आयता खेळ हाताशी असतो. म्हणून तुमच्या पत्रातलं आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य शेवटून तिसरं आहे: तीन महिन्यांत चार वेळा. गप्पांनी खेळ खाल्ला असं तुम्हाला वाटतंय. आम्हाला उलटं दिसतं. खेळ आटला म्हणून गप्पा सुजल्या.

बातम्या वाचणं सोडा असं सांगणार नाही. ते होणार नाही. पण बातमी आली की तीन गोष्टी बघा. मूळ कागद आहे का, अमलाची तारीख आहे का, आणि येत्या शनिवारी तुमच्या टेबलावर काय बदलतं. २०२३ च्या मसुद्याला कागद होता, त्यात १३ जानेवारी ही तारीखही होती. घरात खेळायला परवाना लागत नसल्यानं तुमच्या टेबलावर थेट काही बदलत नव्हतं, पण तुम्ही ज्यांची साहसं विकत घेता त्या छोट्या प्रकाशकांचा गळा आवळला जात होता. ओरडणं योग्यच होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये डीअँडडी बियाँडनं सांगितलं की कॅरेक्टर शीटवरची जुनी जादू आणि जादूच्या वस्तू नव्या आवृत्तीच्या मजकुरानं बदलल्या जातील. हे थेट तुमच्या टेबलावरचं होतं, चालू कॅम्पेनच्या मध्यात. काही दिवसांतच तोही बेत मागे घेतला गेला. उलट डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यांनी गुंतवणूकदारांपुढे म्हटलं की डीअँडडीतून हवी तेवढी कमाई होत नाही. कागद नाही, तारीख नाही. पण दोन वर्षं लोक तेच वाक्य उगाळत होते. डिसेंबर २०२३ मध्ये हास्ब्रोनं ११०० माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. माणसांसाठी वाईट बातमी, यात शंका नाही. पण पुस्तक दुकानात येण्याच्या खूप आधी लिहून झालेलं असतं, त्यामुळे असल्या कपातीचा परिणाम टेबलावर दिसायला वर्ष-दोन वर्षं जातात. त्या रात्री जागून तुमच्या हातात काय येणार?

तिमाही निकाल तर तुम्ही खुशाल सोडा. त्यात डीअँडडीचा वेगळा हिशेब नसतो. विझार्ड्स आणि डिजिटल खेळ असा एकच विभाग असतो आणि त्यावर मॅजिक या पत्त्यांच्या खेळाची छाया असते. एकट्या मॅजिकनं २०२२ मध्ये एक अब्ज डॉलरची विक्री ओलांडली. त्यात बाल्डर्स गेट ३ सारख्या व्हिडिओ गेमच्या परवान्याचे पैसेही मिसळलेले. त्या आकड्यांतून तुमच्या पुढच्या पुस्तकाचं भविष्य काढणं म्हणजे आमटीतली मोहरी मोजून स्वयंपाकघरातला साठा सांगणं.

त्यापेक्षा एका रविवारी दोन तास काढा आणि मालकाला हलवता येणार नाही असं सामान घरात आणा. एसआरडी ५.१ आणि २०२४ च्या नियमांचा ५.२, दोन्हींच्या पीडीएफ उतरवून ठेवा. दोन्ही फुकट आहेत, क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये आहेत, आणि बाराही क्लास, म्हणजे योद्धा, जादूगार असे पात्रांचे प्रकार, प्रत्येकी एका सबक्लाससह (पोटप्रकारासह) त्यांत आहेत. उद्या तुम्ही स्वतःचं साहस लिहून विकलंत, तरी त्यात दिलेली श्रेयाची ओळ छापली की पुरे. मग प्रत्येक खेळाडूला कॅरेक्टर शीट पीडीएफमध्ये काढायला सांगा, आणि लेव्हल वाढली की पुन्हा. इथं हमखास फसगत होते ती होमब्रूची. तुम्ही रचलेल्या तलवारी आणि राक्षस त्या पीडीएफमध्ये धड येत नाहीत. ते साध्या मजकुरात हातानं उतरवा, प्रत्येकाला पाच-सात ओळी पुरतात. आणि डीअँडडी बियाँडवर तुमची मास्टर टियर, म्हणजे वरच्या दर्जाचं सबस्क्रिप्शन, असेल तर तुम्ही विकत घेतलेला मजकूर खेळाडूंना तिच्यामुळेच दिसतो, हे ध्यानात असू द्या. ती बंद केलीत तर तुमची खरेदी तुमच्याकडे राहते, पण त्यांच्या शीटवरचे पर्याय जातात. म्हणून आधी पीडीएफ, मग रागाच्या भरात रद्द करणं. उलट्या क्रमानं नको.

आता बहिष्कारवाला मित्र. त्याचा राग समजतो, पण शेल्फावरच्या पुस्तकांनी खेळल्यावर कंपनीला नवा पैसा जात नाही. दाब पडतो तो सबस्क्रिप्शनमुळे, कारण रद्द झालेली सबस्क्रिप्शन कंपनीला त्याच दिवशी दिसतात. न घेतलेलं पुस्तक दुकान आणि वितरकामार्फत कळायला महिने जातात. तेव्हा गटात एकच मास्टर टियर आणि तीही महिन्याच्या हप्त्यावर ठेवा, वर्षाची नको. थोडं महाग पडेल, पण दर महिन्याला दार उघडं.

पाथफाइंडर जरूर खेळा, मात्र चालू कॅम्पेन तिकडे उचलून नेऊ नका. आकड्यांची घडणच वेगळी आहे. डीअँडडीत आठव्या लेव्हलला प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे येत असलेल्या गोष्टीसाठी फाशात मिळवायचा आकडा, असतो +३. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत लेव्हलच त्यात मिळवतात: कौशल्याच्या ट्रेन्ड पायरीवर असाल तर +१०, एक्स्पर्ट पायरीवर असाल तर +१२. परिणाम असा की तुमच्या गोष्टीतली वीस गॉब्लिनांची, म्हणजे किरकोळ राक्षसांची, टोळी, जी आज आठव्या लेव्हललाही घाम फोडू शकते, ती तिथं कस्पट होते. आणि चार लेव्हल वरचा एकटा राक्षस सगळ्यांना संपवू शकतो. तुमची सहा वर्षांची लढायांची अटकळ पहिल्याच रात्री चुकेल, आणि दोष मात्र खेळाला लागेल. त्याऐवजी नवी पात्रं, पहिली लेव्हल, तीन शनिवार. नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या संकेतस्थळावर फुकट आहेत, पायझोच्या संमतीनं. तिथं जुना आणि रीमास्टर, म्हणजे नव्यानं लिहिलेला, असे दोन्ही मजकूर दिसतील, रीमास्टर धरा. २०२३ च्या प्रकरणानंतर ओजीएलमधून बाहेर पडण्यासाठीच तो लिहिला गेला. आणि खेळाडूंना आधीच सांगा: एका पाळीत तीन ॲक्शन असतात, पण साधारणपणे दुसऱ्या वाराला −५ आणि तिसऱ्याला −१० बसतात. डीअँडडीच्या सवयीनं माणूस तीनदा तलवार फिरवतो, दोनदा चुकतो आणि "भिकार खेळ" म्हणून उठतो. तिसरी ॲक्शन मागे सरकायला, ढाल उचलायला किंवा शत्रूला घाबरवायला वापरायची.

नवी पुस्तकं घेतलेल्या मित्राला थोडं थांबवा. एका टेबलावर दोन आवृत्त्या चालतील असं कंपनी म्हणते. चालतात, पण कुरबुरी होतात. नव्या नियमांत क्युअर वूंड्स ही जखमा भरणारी जादू आठ बाजूंच्या एका फाशाऐवजी दोन फाशांइतकं बरं करते. पॅलाडिन या धर्मयोद्ध्याचा स्माइट, म्हणजे वाराबरोबरचा जादूचा तडाखा, आता बोनस ॲक्शन (पाळीतली एकुलती जादा कृती) खाणारी जादू झाला आहे, म्हणजे एका पाळीत एकदाच. जुन्यात प्रत्येक फटक्यावर टाकता येई. दुसऱ्याची जादू मोडणाऱ्या काउंटरस्पेलमध्ये आता समोरच्याला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे आपली जादू वाचवायला एक फासा, मिळतो. दोन खेळाडूंकडे एकच जादू दोन रीतींनी आली की दर लढाईत पंचायत तुमच्यापुढे. आवृत्ती टेबलाची ठरवायची, पात्राची नाही. चालू प्रकरण संपेपर्यंत २०१४ चे जुने नियम. मग एक रात्र ५.२ ची फुकट पीडीएफ घेऊन लुटुपुटूची लढाई करा आणि मत घ्या. तोवर बाकी कुणी नवी पुस्तकं घेऊ नयेत. अमेरिकेतली छापील किंमत प्रत्येकी जवळपास ५० डॉलर, वर आयात. तीन पुस्तकं सहा जणांनी घ्यायचं कारण नाही, गटात एक संच पुरतो.

राहिला शनिवार. पाचांपैकी तिघं आले की खेळ होणार, हा नियम लावा. गैरहजर पात्र तंबूत झोपलेलं असतं. दोघंच आले तर वापरायला तीन तासांत संपणारं एक छोटं साहस तयार ठेवा. रद्द हा पर्यायच ठेवू नका, कारण एक रद्द शनिवार पुढच्या दोघांना घेऊन जातो. वेळ रात्री साडेआठ: न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे अकरा, हिवाळ्यात दहा. त्यांची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सरकतात, आणि नेमक्या त्याच्या पुढच्या शनिवारी तो माणूस तासभर चुकतो. दोन्ही तारखा आत्ताच कॅलेंडरवर टाका. हास्ब्रोच्या बातम्यांना ग्रुपवर वेगळी जागा द्या, आणि बोलायचंच असेल तर खेळ संपल्यावर, अकरानंतर, ज्याला झोप येत नाही त्यानं. साडेआठनंतर टेबलावर कुणी कंपनीचं नाव काढलं तर त्याच्या पात्राला पहिल्या लढाईत इनिशिएटिव्हवर, म्हणजे पाळीचा क्रम ठरवणाऱ्या फाशावर, डिसॲडव्हान्टेज: दोनदा टाका, कमी आकडा धरा. बेसावध सापडलेल्यासाठी २०२४ च्या पुस्तकात हाच नियम आहे, म्हणजे नव्या पुस्तकवाल्या मित्राचीही तक्रार राहणार नाही.